परवचा की चिठ्ठ्यांचा डबा?

मूल तिसरीत गेलं की घरात पाढ्यांचा विषय निघतोच. दिवेलागणीला बसून रोज ओळीने पाढे म्हणून घ्यायचे, म्हणजेच परवचा, की पाढे सुटे करून चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि उलटसुलट विचारायचे? मुलीबरोबर मी दोन्ही केलं. आधी सात-आठ महिने परवचा, त्यानंतर गेलं वर्षभर चिठ्ठ्या.

परवचाबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी आई पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत मोठी झाली आणि आजही पाऊण किलो गवारीचे पैसे ती भाजीवाल्याच्या आधी सांगते. नातीला घेऊन तीच बसायची. म्हणण्याला ताल असतो, पुढे आजीचा आवाज असतो, त्यामुळे मूल रमतं आणि चुकायची धास्ती राहत नाही. दोन-तीन महिन्यांत मुलगी बाराचा पाढाही घडाघडा म्हणू लागली.

मला खटकलं ते एकच, पण फार खटकलं. 'सात आठे किती?' असं मध्येच विचारलं की तिचे ओठ हलायला लागत. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस... एकेक बोट मिटत ती आठव्या पायरीपर्यंत पोचायची. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली की पुन्हा 'सात एके'पासून. गुणाकाराच्या उदाहरणात हे व्हायचं तेव्हा छप्पन्न हाती लागेपर्यंत हातचा निसटलेला असायचा. वहीवर शेरा यायचा, 'पाढे पाठ कर.' पाढे तर तिला पाठ होते, म्हणून ती रडायची, आणि मलाही उत्तर देता यायचं नाही.

मानसशास्त्रात याला उत्तर आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशी जागा, म्हणजे कार्यस्मृती, माणसाकडे मुळातच थोडी असते. ती पाढा चढण्यात खर्च झाली की हातच्याला उरत नाही. २०१४ साली स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांच्या गटाने ७ ते ९ वर्षांच्या मुलांच्या मेंदूची चित्रं साधारण वर्षाच्या अंतराने घेतली होती. अभ्यास बेरजांचा होता. मोजून उत्तर काढणारी मुलं जसजशी आठवून उत्तर देऊ लागली, तसतसा आठवणींशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा सहभाग वाढलेला दिसला. माझी मुलगी ओळीने म्हणत होती, सुटं आठवायची वेळ तिच्यावर येतच नव्हती.

आठवायला लावण्याचं महत्त्व रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात फार स्वच्छ दिसतं. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं, ४२ विरुद्ध ५६. हे विद्यार्थी कॉलेजातले होते आणि उतारा म्हणजे पाढा नव्हे, हे मान्य. तरी परवचा संपल्यावर आपल्याला वाटणारं समाधान त्या पहिल्या पाच मिनिटांचं असावं, असं मला वाटतं.

डब्याची पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची, १९७२ ची. आम्ही बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच खण केले. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या खणात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिला खण रोज, पुढचे वाढत्या अंतराने. येणाऱ्या चिठ्ठ्या क्वचित निघतात आणि अडणाऱ्या रोज, त्यामुळे दहा मिनिटांत काम आटोपतं.

पण सुरुवातीचे दोन आठवडे कठीण गेले. चिठ्ठी मागे गेली की मुलगी रुसायची. घड्याळ लावून पाहिलं तर येणारी उत्तरंही अडकू लागली. मनावरचा ताण कार्यस्मृतीच्या त्याच थोड्या जागेत वाटा मागतो. घड्याळ लावणं ही चूक माझी होती. घड्याळ काढलं, मागे जाणारी चिठ्ठी तिच्याच हाताने ठेवायला दिली, आणि रुसवा कमी झाला. आज 'सात आठे' म्हटल्यावर ओठ हलत नाहीत.

तुमचं मूल पहिली-दुसरीत असेल, किंवा घरात परवचा घेणारी आजी असेल, तर तो आनंद हिरावू नका. पाढा आधी कानावर पडलेला असला की चिठ्ठ्या सोप्या जातात, असा आमचा अनुभव. पण तिसरीच्या पुढे संध्याकाळची दहाच मिनिटं हाताशी असतील, तर मी ती डब्याला देईन. सहाच्या पाढ्यापासून सुरुवात करा, आणि पहिल्या दिवशी दहापेक्षा जास्त चिठ्ठ्या टाकू नका.