'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ': प्रत्येक भागाच्या वरची ओळ वाचा

ऑड्री निफेनेगरची ही इंग्रजी कादंबरी (२००३) वाचताना गोंधळ उडत असेल, तर प्रत्येक भागाच्या वरच्या ओळीवरून नजर घसरतेय असं समजा. त्या ओळीत तारीख असते आणि कालप्रवास करणारा नायक हेन्री व त्याची बायको क्लेअर यांची त्या दिवशीची वयं. हेन्रीचा जन्म १९६३ चा, क्लेअरचा १९७१ चा. वयांत ८ चा फरक असेल तर दोघं आपापल्या काळात आहेत (वाढदिवसांच्या आसपास ७). आकडा याहून वेगळा आला की हेन्री दुसऱ्या काळातून आलेला आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये मिशिगनच्या कुरणात ती ६ वर्षांची आणि तो ३६ चा, म्हणजे तो १९९९-२००० मधून आला. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत ती २०, तो २८. ती त्याला चौदा वर्षं ओळखते आणि त्यानं तिला याआधी पाहिलेलंच नाही! हा भाग वाचताना अंगावर शहारा येतो. प्रेमात एकाला सगळं आठवतं आणि दुसऱ्याच्या बाबतीत ते अजून घडायचंय, ही कल्पना इतक्या नेमकेपणानं क्वचितच वापरली गेली असेल.

यात कालयंत्र नाही. हेन्रीला जनुकीय विकार आहे. मनावर ताण आला की तो नाहीसा होतो आणि भलत्याच काळात उघडानागडा उगवतो. सोबत काहीच येत नाही, म्हणून कपडे चोरणं, कुलपं उघडणं, पळणं ही त्याची रोजची कौशल्यं. आणि भूतकाळ बदलता येत नाही. आईचा अपघात तो पुन्हा पुन्हा पाहतो, थांबवू शकत नाही. नियम असे कडक ठेवल्यामुळेच दोघांची प्रत्येक भेट मोलाची वाटते. क्लेअरच्या लहानपणापासूनच्या १५२ भेटींच्या तारखांची यादीच घ्या: हेन्री तिला सांगतो, ती वहीत लिहिते, पुढे त्याच वहीवरून तो पाठ करतो. मुळात ती केली कुणी? उत्तर नाही, आणि नसलेलंच बरं.

मधला भाग मात्र लांबला आहे. जेवणं, पार्ट्या, बँडची नावं यांत गती मंदावते, आणि पैशांची अडचण लॉटरीनं सोडवणं फारच सोपं झालं. क्लेअरचे कागद बनवण्याचे प्रसंग वगळू नका. लेखिका स्वतः चित्रकार आहे, ते तिथे कळतं. प्रौढ हेन्री आणि लहान मुलगी ही मांडणी काहींना खटकेल आणि ते रास्त आहे. तो मर्यादा पाळतो, पण पुढचं सगळं आधीच ठरलेलं असताना क्लेअरनं स्वतः काही निवडलं का, या प्रश्नापाशी कादंबरी हवी तेवढी थांबत नाही.

२००९ चा चित्रपट नंतर पाहा, कारण वयांचं हे गणित पडद्यावर जवळजवळ उरत नाही. उत्तरार्धात वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं सविस्तर वर्णन आहे. अशा दुःखातून नुकत्याच गेलेल्या कुणाला पुस्तक भेट देणार असाल, तर हे आधी सांगा.