गोव्यातून दागिने पाठवण्यासाठी स्पीड पोस्ट: एका विक्रेत्याचा अभिप्राय

डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतून घरबसल्या दागिने विकणाऱ्यांचे बरेचसे ग्राहक पुणे, मुंबई, कोल्हापूर येथले असतात, आणि त्यांना हवे असतात ते मोत्यांच्या कुड्या, तन्मणी, नथ, ऑक्सिडाइज्ड झुमके असे वजनाने हलके पण जपून हाताळावे लागणारे नग. अशा मालासाठी भारतीय टपाल खात्याची स्पीड पोस्ट ही सेवा मला सर्वांत भरवशाची वाटते. मात्र खोका नीट बांधलेला असेल तरच हा भरवसा कामाला येतो, कारण नुकसान झाल्यानंतर या सेवेकडून मिळणारी भरपाई फारच तुटपुंजी आहे.

नियम असा आहे की विमा न उतरवलेली वस्तू हरवली किंवा आतला माल खराब झाला, तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळते. म्हणजे शुल्क ८० रुपये असेल तर हातात येतात १६० रुपये, मग आतला तन्मणी दोन हजारांचा का असेना. म्हणून किमती नगाचा विमा उतरवावा, हे मी आग्रहाने सांगेन. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नसून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, आणि नोंदणी, म्हणजे वस्तू जिच्या नावे आहे त्या व्यक्तीलाच देणे, किंवा ओटीपी घेऊनच वस्तू हाती देणे, या सोयी प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी एवढ्या अल्प शुल्कात मिळतात. शेजारच्या घरी किंवा सोसायटीच्या पहारेकऱ्याकडे पाकीट ठेवले जाण्याची धास्ती ज्यांना वाटते, त्यांनी हे पाच रुपये वाचवू नयेत.

आता बांधणीविषयी, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. खोका हलवला आणि आतून आवाज आला, तर तो पुन्हा उघडावा. कुड्या आणि झुमके जाड कार्डावर टोचून बसवावेत, नथीचा आकडा मऊ कागदात गुंडाळावा आणि तन्मणीचे पदक सरांवर घासणार नाही अशा रीतीने दोहोंच्या मध्ये कागदाची घडी ठेवावी. मोत्याचा पृष्ठभाग नाजूक असतो आणि प्रवासातल्या हादऱ्यांनी त्यावर ओरखडे उठतात. प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत, त्याभोवती बबल रॅप आणि बाहेर तीन पदरी पुठ्ठ्याचा खोका, एवढे पुरते. चांदीच्या दागिन्याला रबरबँड कधीही लावू नये, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडची हवाच इतकी दमट असते की पिशवी बंद करताना तिच्यात ओलावाही बंद होतो. म्हणून चांदीच्या आणि मुलामा दिलेल्या नगांसोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि पत्त्याच्या कागदावर पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण पसरावी, नाहीतर पावसाच्या थेंबांनी शाई पसरून पिनकोडसुद्धा वाचता येत नाही. खोक्यावर दुकानाचे नाव किंवा ‘दागिने’ असा शब्द मुळीच लिहू नये.

खर्चाचा प्रश्न बहुधा खोक्याच्या आकारात दडलेला असतो. घनमानावर आकारणी करणाऱ्या कुरियर सेवा साधारणपणे लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५,००० ने भागून किलोग्रॅममधले वजन धरतात. वीस, पंधरा आणि दहा सेंटिमीटरचा खोका त्या हिशेबाने ६०० ग्रॅमचा ठरतो, जरी आतल्या झुमक्यांचे वजन जेमतेम साठ ग्रॅम असले तरी. बारा, नऊ आणि चार सेंटिमीटरचा खोका मात्र ९० ग्रॅमच्या आतच राहतो. भेटवस्तूसारखी मोठी, शोभिवंत पेटी देण्याचा मोह मला समजतो, पण तिच्यातल्या रिकाम्या जागेचे पैसे अखेर ग्राहकच भरतो, आणि तिच्यात माल सैल राहतो तो वेगळाच.

टपालाच्या पावतीवर वजन छापलेले असते, हा गुण फारसा कोणी लक्षात घेत नाही. खोका बंद करण्यापूर्वी नगाचे छायाचित्र घ्यावे, बंद केल्यावर घरच्या काट्यावर वजन करावे आणि ते पावतीवरच्या आकड्याशी ताडून पाहावे. ‘खोका रिकामा आला’ अशी तक्रार आली, तर वादाऐवजी हे दोन पुरावे पुढे ठेवता येतात. पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक ग्राहकाला त्याच दिवशी कळवावा, म्हणजे चौकशीचे निम्मे फोन येतच नाहीत.

सोन्याच्या दागिन्यांसाठी मात्र माझी शिफारस इतक्या सहजपणे लागू करू नये. कित्येक खासगी कुरियर कंपन्या सोने आणि रत्ने स्वीकारतच नाहीत, आणि मालाचे खरे स्वरूप लपवून ते पाठवल्यास भरपाईचा हक्कच उरत नाही. असा नग पाठवायचाच असेल तर तो काय आहे हे पोस्टाच्या खिडकीवर स्पष्ट सांगावे आणि पूर्ण किमतीचा विमा उतरवता येतो का, हे विचारावे; तसे नसेल, तर ग्राहकाने स्वतः येऊन तो नेणे अधिक चांगले.