ब्रेकचा लाइट मधूनच लागतोय? टॉर्च, मल्टीमीटर की स्कॅनर, घरी काय वापरायचं

डॅशबोर्डवर ब्रेकचा लाइट कायमचा लागला असेल तर फॉल्ट शोधणं त्या मानाने सोपं, खरा वैताग असतो मधूनच लागून विझणाऱ्या लाइटचा, कारण गाडी गॅरेजला नेली की तो नेमका लागत नाही आणि मेकॅनिक म्हणतो सगळं ठीक आहे, चालवा. म्हणून असा फॉल्ट निदान कुठे आहे एवढं तरी घरी शोधावं असं मला मनापासून वाटतं, कारण लाइट कधी लागतो हे रोज गाडी चालवणाऱ्याइतकं कोणालाच माहीत नसतं. पावसात, खड्ड्यात, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, की गाडी तापल्यावर, हे आधी लिहून ठेवा, फुकट आहे आणि पुढे फार कामाला येतं.

मग रंग बघा, कारण कुठलं साधन घ्यायचं ते रंगावरच ठरतं. लाल म्हणजे बहुतेक वेळा हँडब्रेकचा स्विच किंवा ब्रेक ऑइलची लेव्हल. पिवळा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, तिथे बघायचं ते चाकांचा वेग मोजणारे सेन्सर, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स. दोन्ही एकदम लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीसुद्धा बंद झालेलं असू शकतं, मग जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, तेव्हा ते हलक्यात घेऊ नका. आणि लाल लाइटबरोबर पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल तर घरचे प्रयोग बाजूला ठेवा, गाडी चालवूच नका, टो करून न्या.

नुसत्या लाल लाइटसाठी माझं मत स्पष्ट आहे, टॉर्च आणि डोळे पुरतात, काही विकत घेऊ नका. ब्रेक ऑइलच्या डबीत एक फ्लोट असतो, लेव्हल मिनिममच्या आसपास आली की वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो आणि लाइट क्षणभर लागतो. आता लगेच ऑइल ओतायला जाऊ नका, आधी पॅड बघा. पॅड झिजले की त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल तिकडे जातं, म्हणजे लेव्हल कमी होणं हीच पॅड संपत आल्याची खूण असते. वरून टॉप-अप केलं आणि नंतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले तर ऑइल डबीतून बाहेर येतं, आणि ते पेंट खातं. पॅड चांगले असून लेव्हल खाली असेल तर मात्र बहुधा गळती आहे, चाकांच्या आतल्या बाजूला, मागे ड्रम असतील तर त्यांच्या खालच्या कडेला, आणि ऑइलच्या डबीखालचा मास्टर सिलिंडर मागच्या गोल बूस्टरला चिकटतो तिथे ओल शोधा. ऑइलची ग्रेड झाकणावर लिहिलेली असते, तीच वापरायची.

लेव्हल ठीक असेल तर हँडब्रेक. लाइट लागलेला असताना गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना अडण लावा, मग लिव्हर थोडा उचलून परत पूर्ण खाली दाबा, विझला तर स्विचचं ॲडजस्टमेंट. बऱ्याच साध्या गाड्यांत हा स्विच फक्त अर्थिंग देतो, म्हणजे वायर गाडीच्या बॉडीला जोडतो, त्यामुळे त्याची वायर काढल्यावर लाइट विझला तर स्विचच. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकला हे लागू नाही.

पिवळ्यासाठी खरी निवड करावी लागते, आणि इथेच लोक फसतात ते गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायच्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलमुळे. ईएलएम ३२७ प्रकारचा डोंगल आणि फुकटचं ॲप मुख्यतः इंजिनचे पी-कोड, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे फॉल्ट कोड वाचतात, एबीएसचा मॉड्यूल, म्हणजे त्याचा कंट्रोल युनिट, कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतो, त्यामुळे ॲप 'एकही कोड नाही' म्हणतं आणि माणूस निर्धास्त होतो. हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं, कारण तिथे एबीएस तपासलेलंच नसतं. तुमच्याच मॉडेलचं एबीएस वाचणारं ॲप असेल तर गोष्ट वेगळी, पण घेण्याआधी खात्री करा.

मल्टीमीटर स्वस्त आहे, इतर कामांनाही येतो, पण चाक कोणतं ते तो सांगत नाही, चारही चाकांपाशी जाऊन तुम्हालाच शोधावं लागतं, तेही जॅकबरोबर स्टँड लावून. जुन्या पॅसिव्ह सेन्सरला, म्हणजे बाहेरून सप्लाय न लागणाऱ्याला, साधारण ८०० ते २००० ओहम दाखवतो, डावा-उजवा जुळवून बघता येतो, चाक हाताने फिरवलं की थोडे एसी व्होल्टही दिसतात. नव्या ॲक्टिव्ह, म्हणजे सप्लायवर चालणाऱ्या सेन्सरला ओहमवर मोजायचं नाही, आकड्याला काही अर्थ नसतो आणि सेन्सर जाऊ शकतो, तिथे कनेक्टरवर इग्निशन ऑन करून सप्लाय येतोय का तेवढंच बघा. आपला कुठला आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच हात लावा. आणि मुख्य अडचण अशी की मधूनच येणारा फॉल्ट मोजताना सहसा नसतोच, म्हणून मीटर लावलेला ठेवून वायर हलवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आकडा उडाला तर तिथेच तुटलंय.

एबीएस वाचणारा स्कॅनर या सगळ्यात महाग, पण लाइट विझल्यावरसुद्धा कोड मेमरीत सापडतो, आणि मधूनच येणाऱ्या फॉल्टला हेच तर हवं असतं. कोड पुसण्याआधी फोटो काढा. मग लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचा स्पीड एकत्र लावून मोकळ्या जागी हळू सरळ चालवा, स्क्रीन शेजारी बसलेल्याने बघायची. तीन चाकं बरोबर चालतात आणि एक अचानक शून्यावर जातं, ते तुमचं चाक. प्रत्येक फेऱ्याला एकदाच आकडा पडत असेल तर टोन रिंग, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि सेन्सरने वाचायची दातेरी कडी, तडकलेली असण्याची शक्यता जास्त.

पण कोडमध्ये 'पुढचा डावा सेन्सर' आला म्हणून सेन्सरच बदलायला पळू नका. गंजाने सेन्सर वर उचलला जातो, कनेक्टरमध्ये पाणी जातं, बेअरिंग ढिलं होतं, नवं बेअरिंग उलटं बसवलं तर त्यातली मॅग्नेटिक रिंग चुकीच्या बाजूला जाते, कोड मात्र सेन्सरचाच येतो. मीटरची खरी गरज इथे लागते, स्कॅनरने चाक कळल्यावर. एकदम चार-पाच वेगवेगळे कोड आले तर आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा.

तर पिवळ्या लाइटसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी एबीएस स्कॅनर म्हणेन, मीटर त्यानंतर. दरवेळी लागणार नसेल तर कोणाकडून मागून आणा, नाहीतर गॅरेजमध्ये फक्त एबीएसचे कोड आणि लाइव्ह डेटा बघून द्या असं सांगा आणि तुमची नोंद दाखवा. एबीएसच्या हायड्रॉलिक युनिटच्या, म्हणजे पंप-व्हॉल्व्हच्या ठोकळ्याच्या, आतला फॉल्ट निघाला तर मात्र ते घरचं काम नाही. दुरुस्तीनंतर कोड पुसा, ज्या परिस्थितीत लाइट लागायचा तशीच गाडी चालवा आणि परत वाचा. बऱ्याच गाड्यांत सेन्सरच्या दुरुस्तीनंतर एबीएसचा लाइट उभ्या गाडीत विझतच नाही, थोडा वेग आल्यावर चारही सेन्सर बरोबर दिसले की मगच विझतो, त्यामुळे सुरू केल्याकेल्या लाइट दिसला म्हणून काम फसलं असं समजू नका.