सँपल शिंपल्याचं, खोक्यात प्लास्टिक

ओट्यामागच्या भिंतीला शिंपल्याची टाइल लावणार असाल, तर दुकानातलं सँपल बघून ऑर्डर देऊ नका. आम्हाला दाखवलेलं सँपल अस्सल होतं. खोटी निघाली ती घरी आलेली खोकी.

'मदर ऑफ पर्ल' म्हणून मिळणारी ही टाइल म्हणजे शिंपल्याच्या आतल्या चमकदार थराचे जेमतेम २ मिलिमीटर जाडीचे तुकडे, मागे जाळीवर चिकटवलेले. एक शीट साधारण फूटभर लांब-रुंद. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले असतात, त्यांतून उजेड झिरपतो. या पातळ तुकड्यांतूनही मागचं थोडं दिसतं. म्हणून टाइल पांढऱ्या अधेसिव्हवरच लावायची, करड्यावर ती मळकट दिसते. सांधे भरायला वाळू नसलेलं ग्राउट, नाहीतर ओरखडे पडतात. हे सगळं दुकानदारानेच समजावलं, आणि अगदी बरोबर समजावलं. बिलावर मात्र 'डेकोरेटिव्ह टाइल' एवढंच. विचारलं तर म्हणे, "मॅडम, कॉम्प्युटरमध्ये आयटमचं नाव तेच आहे."

पकडलं आमच्या कारागिराने. गॅसमागची भिंत लावून झाली होती, ग्राउट बाकी होतं. "ताई, या तुकड्यावरची हिरवी रेघ बघा, आणि आता या." तीच रेघ, तिथेच, तशीच वाकलेली. आणखी खाली पुन्हा तीच. खऱ्या शिंपल्याचे दोन तुकडे असे हुबेहूब निघत नाहीत. उरलेली खोकी हॉलमध्ये उघडली. प्रत्येकात वरच्या एक-दोन शीट अस्सल, खाली सगळं रेझिन, म्हणजे प्लास्टिकच, आत छापील चकाकी.

दुकानदाराचं उत्तर ऐका: "नॅचरल वस्तू आहे, थोडा फरक पडणारच." अहो, फरक पडत नाहीये हीच तर तक्रार! मग "लावलेला माल परत घेत नाही." आणि त्याचा माणूस फोनवर सहज बोलून गेला, की अधेसिव्हचे डाग ॲसिडने पुसा, या टाइलला काही होत नाही. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याला ॲसिड लागलं की फेस येतो आणि चमक कायमची जाते. लिंबाचा रस सांडला तरी लगेच पुसावा लागतो. काही होत नाही म्हणतो, म्हणजे आपण काय पाठवलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा माल उतरवून घेतानाच खोकी तळापर्यंत उघडा, टेम्पोवाला कितीही घाई करो. खालच्या शीटचा एक तुकडा काढून मागून तापलेली सुई टोचा: रेझिन वितळतं आणि प्लास्टिकचा वास येतो, शिंपला वितळत नाही. दुसरा तुकडा फोडून कडेवर व्हिनेगरचा थेंब टाका: शिंपल्यावर बारीक बुडबुडे येतात, रेझिन ढिम्म. बिलावर 'नैसर्गिक शिंपला' आणि जाडी लिहून घ्या, सँपलचा तुकडा दुकानदाराची सही घेऊन जवळ ठेवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवल्यावर दुकानदार न लावलेल्या शीटचे पैसे द्यायला कबूल झाला. भिंतीवरच्या शीट आणि कारागिराची मजुरी यांवर अडून बसलाय. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. भिंतीवरच्या शीट पुरावा म्हणून तशाच ठेवल्यात, आणि तोवर फोडणी मागच्या बाल्कनीत, इंडक्शनवर.