पहिले तीन महिने भाडं वेळेवर आलं

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं मेकॅनिक होतो, मे २०२३ ला रिटायर झालो. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आमच्याच गावचा एक जण, माझ्यासारखाच रिटायर झालेला, ट्रॅक्टर भाड्याने द्यायचा करार घेऊन मला दाखवायला आला, आणि तो वाचताना माझे हातपाय गार पडले, कारण माझ्या करारातली वाक्यंच्या वाक्यं त्यात होती, फक्त खालचं नाव वेगळं. म्हणजे हा धंदा अजून चालू आहे. म्हणून आकड्यासकट सांगतो, लाज वाटते पण सांगतो.

फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १७ लाख हातात आले. एसटीवाल्यांना सरकारी कर्मचाऱ्यांसारखी पेन्शन नसते, ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफमधली असते, ती मला महिन्याला तीन हजारावर थोडी मिळते, त्यात काय भागतं ते ज्यांना मिळते त्यांना माहिती आहे. पाच लाख घराच्या स्लॅबला गेले, राहिले बारा. आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला, वडलांची अडीच एकर तीन भावांत, म्हणजे माझ्या वाट्याला ३३ गुंठे, तेही धाकटा भाऊच करतो. मला आयुष्यभर एकच वाटत आलं की आपल्या नावावर दोन एकर काळं रान असावं. तिथली मालदांडी ज्वारी पावसावर नाही, जमिनीतल्या ओलीवर येते, २०१६ ला त्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. माझी आई दुसऱ्याच्या रानात काढणीला जायची, पेंढ्या बांधून बांधून तिची बोटं फाटलेली असायची. ते डोक्यातून कधी गेलं नाही.

जमीन आणि ट्रॅक्टर दोन्ही ज्याने गळ्यात घातलं तो एजंट परका माणूस नव्हता, शेजारच्या गावचा, भावाच्या ओळखीतला, मला अण्णा म्हणायचा. डिसेंबरमध्ये मला रान दाखवायला घेऊन गेला, कमरेच्या वर ज्वारी उभी होती, भाव सांगितला दोन एकराचे १६ लाख. मी म्हटलं माझ्याकडे बारा आहेत. तर म्हणाला, "अण्णा, चार लाखाला मालक थांबतोय, माझ्या शब्दावर, तुमी फक्त विसार द्या. आन् वरच्या पैशाची सोय ट्रॅक्टर करंल."

मग त्याने कागदावर हिशोब मांडला, तो कागद अजून माझ्याकडे आहे. ट्रॅक्टर साडेसात लाखाचा, दीड लाख आपण भरायचे, सहा लाख फायनान्स, हप्ता १४,५००. ट्रॅक्टर रस्त्याच्या कामावर कंत्राटदाराकडे लावायचा, महिना २२,००० भाडं, ड्रायव्हर डिझेल मेंटेनन्स सगळं त्यांचं. हप्ता जाऊन महिन्याला ७,५०० उरतात, वर्षाचे ९० हजार, साडेचार वर्षांत जमिनीचे चार लाख फिटले आणि पाच वर्षांनी ट्रॅक्टर फुकटात आपला. मी तो कागद घरी आणून बायकोला दाखवला, ती म्हणाली "अहो, एवढं भाडं परवडत असेल तर कंत्राटदार स्वतःच ट्रॅक्टर का घेत नाही?" मी तिला म्हटलं तुला त्यातलं कळत नाही. तो प्रश्न मी त्याला विचारायला पाहिजे होता, नाही विचारला.

व्याज ९ टक्के सांगितलं होतं. ते फ्लॅट होतं हे मला नंतर कळलं. फ्लॅट म्हणजे हप्ते भरून मुद्दल कमी होत गेली तरी व्याज पाचही वर्षं पूर्ण सहा लाखावरच धरतात, म्हणजे २ लाख ७० हजार व्याज, एकूण ८ लाख ७० हजार भागिले ६० हप्ते, बरोबर १४,५००. हेच बँकेच्या पद्धतीने, कमी होत जाणाऱ्या शिल्लक रकमेवर धरलं तर दर पावणेसोळाच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्जदाराला सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर एका कागदावर लिहून द्यावाच लागतो, माझं कर्ज त्याच्या आधीचं. आता कोणी घेत असेल तर आधी तो कागद मागा, एजंटाच्या वहीतला आकडा धरू नका.

माझं वय झालेलं, ८अ, म्हणजे नावावरच्या जमिनीचा उतारा, फक्त ३३ गुंठ्याचा, म्हणून कर्जात मुलाला को-ॲप्लिकंट केलं. तो पुण्याला कंपनीत आहे, एका रविवारी आला, सह्या करून संध्याकाळच्या गाडीने परत गेला, एक शब्द विचारला नाही, बाबा म्हणतायत म्हणून.

सह्या एजंटाच्या ऑफिसात झाल्या, एका चहाच्या हॉटेलवरची खोली. ३०-४० ठिकाणी सही केली असेल. त्या गठ्ठ्यात आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० कोरेच होते, आरसीला लागतात म्हणाला. हे दोन फॉर्म गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे असतात. मी आयुष्य गाड्यांत काढलं पण वर्कशॉपमध्ये आमच्या हातात इंजिन येतं, कागद येत नाहीत. शिवाय सही केलेले पाच कोरे चेक. विसाराचे तीन लाख, त्यातला दोनचा चेक एजंटाच्याच नावाने, मालक गावाला गेलाय म्हणून, आणि एक लाख रोख. पावती १०० च्या स्टॅम्पवर, नोटरी केलेली. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण खरेदीखत पूर्ण पैसे दिल्यावर करायचंच आहे, तोवर हे चालतं, असं त्याने सांगितलं आणि मला पटलं. पुढे वकिलांनी सांगितलं की जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं हेच इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही, जो रोखच पाहिजे म्हणतो तिथेच थांबायचं. फाईलचे म्हणून ४० हजार वेगळे घेतले.

ट्रॅक्टर जानेवारी २०२४ मध्ये आला. मीटरवर जेमतेम अडीच तास. मी स्वतः चालू करून ऐकला, आवाज एकदम स्वच्छ. टूलबॉक्सची पट्टी मात्र हलत होती, ती मी भावाच्या वस्तीवर सोडवली, आतल्या बाजूने वेल्डिंगचे दोन टाके मारले आणि वर काळा रंग दिला. दोन दिवसांनी एजंटाची माणसं येऊन ट्रॅक्टर घेऊन गेली, आरसी आणि इन्शुरन्सपण घेऊन गेली, साईटवर लागतं म्हणून.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तिन्ही महिन्यांचं भाडं पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, २२,००० खात्यावर जमा. मी भावाला सांगितलं, वर्कशॉपच्या दोन जुन्या मित्रांना सांगितलं, त्यातल्या एकाने त्याच माणसाकडे ट्रॅक्टर लावला. हे मला सगळ्यात जास्त लागतं. माझं तीन महिन्यांचं पासबुक बघून त्याने विश्वास ठेवला.

ते भाडं नव्हतंच हो. माझ्याकडून विसार आणि फाईल मिळून ३ लाख ४० हजार त्याच्या हातात गेले होते, त्यातले ६६ हजार त्याने मलाच तीन वेळा मिळून परत दिले, आणि त्या जोरावर माझ्यासारखेच पुढचे आठ जण आणले. पोलीस स्टेशनला आम्ही नऊ जण एकत्र बसलो तेव्हा प्रत्येकाचं पासबुक काढून शेजारी शेजारी ठेवलं, प्रत्येकाचं भाडं तिसऱ्या नाहीतर चौथ्या महिन्याला बंद झालेलं. नऊपैकी एकानेही साईट डोळ्याने बघितलेली नव्हती.

एप्रिलचे पैसे आले नाहीत, बिल अडकलंय म्हणाला, मे मध्ये फोन उचलायचा बंद. तेव्हा मला पहिल्यांदा जमिनीची धास्ती बसली. चुलत भावाच्या पोराने मोबाईलवर सरकारी साईटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढून दिला, १५ रुपये लागले. तीन लाख देऊन बसलो आणि १५ रुपयांचा कागद तोवर काढला नव्हता.

एजंटाने दिलेली झेरॉक्स आणि हा सातबारा शेजारी ठेवले. झेरॉक्सवर मालकाच्या नावाखाली दोन ओळींची जागा कोरी होती, ती मी आधीपण बघितली होती, मला वाटलं प्रिंट नीट आली नाही. खऱ्या सातबाऱ्यावर त्या दोन ओळींत मालकाच्या दोन बहिणींची नावं होती, वारस म्हणून लागलेली. त्यांच्या सहीशिवाय पूर्ण दोन एकराचं खरेदीखत होणं शक्यच नव्हतं. आणि उजव्या हाताला जो रकाना असतो, कुळ, खंड व इतर अधिकार, तो झेरॉक्समध्ये अर्धा कापलेला, मशीनवर कागद सरकल्यासारखा. खऱ्यावर तिथे बँकेचा ६ लाखाचा बोजा आणि खाली सोसायटीचं कर्ज. मी थोरल्या बहिणीकडे गेलो, ती बाई म्हणाली "आमाला कुणी इचारलंच न्हाई दादा, आमी इकनार न्हाई." मालक म्हणाला मला एजंटाने एक लाखच दिले, तेही पिकाचा ॲडव्हान्स म्हणून. खरं खोटं कोर्ट बघेल.

जमीन घेणाऱ्यांनी सातबारा स्वतः काढायचा, एजंटाचा धरायचा नाही, आणि पहिल्यांदा तो उजवा रकाना वाचायचा. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय बहुतेक वेळा विकताच येत नाही. फेरफार काढून बघा, नाव कसं लागलं ते त्यात कळतं. आपला स्वतःचा वकील लावून जमिनीच्या मागच्या ३० वर्षांच्या कागदांचा सर्च घ्या, मोजणी करून घ्या, कारण दाखवलेलं रान आणि कागदावरचा गट एकच आहे का ते मोजणीशिवाय समजत नाही. पैसे मालकाच्या खात्यावर, दुसऱ्या कोणाच्या नाही. आणि ज्यांच्या नावावर शेतजमीन नाहीच त्यांना तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे आपल्याकडे परवानगीशिवाय शेती घेता येत नाही, त्यांना "दाखला काढून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या वाटेलाच जाऊ नका, तो दाखला खोटा निघाला तर व्यवहार तर जातोच, केस आपल्यावर होते.

भाडं थांबलं तरी हप्ता थांबत नाही. मे, जून, जुलै थकले. वसुलीवाले माझ्याकडे आले ते आले, मुलाच्या कंपनीतपण फोन गेले. त्याने फ्लॅटसाठी टोकन दिलेलं, होमलोन नामंजूर झालं, सिबिलमुळे. मला त्याने सांगितलंच नाही, सुनेकडून कळलं. तो त्याच्या पगारातून दोन हप्ते भरत होता. मी फोन केला तर म्हणाला "बाबा, जेवलात का?" एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही, अजूनही पहाटे जाग आली की तेच आठवतं.

ऑगस्टमध्ये गुन्हा दाखल झाला. नवा फौजदारी कायदा १ जुलै २०२४ ला आला, व्यवहार त्याच्या आधीचा म्हणून जुनेच कलम लागले, फसवणुकीचं ४२० आणि विश्वासघाताचं ४०६. सुरुवातीला हा दिवाणी मामला आहे असं ऐकायला मिळालं, एकटा गेलो तेव्हा तीनदा परत पाठवलं, नऊ जण मिळून करार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन गेलो तेव्हा तक्रार घेतली. कोणाचं असं झालं असेल तर आधी त्याच माणसाचे बाकीचे लोक शोधा, असतातच.

ट्रॅक्टर सापडला तो ई-चलनामुळे. आरसीला माझा नंबर होता, ऑक्टोबरमध्ये मेसेज आला, शेजारच्या जिल्ह्यातलं ठिकाण. पोलिसांबरोबर गेलो, वीटभट्टीवर होता. निळा ट्रॅक्टर लाल केलेला, मीटर १,४०० तासांच्या पुढे, हूक झिजलेला, हायड्रॉलिकमधून तेल गळत होतं. भट्टीवाला म्हणायला लागला हा माझा आहे, २ लाख ८० हजार दिले, हे बघा कागद. कागद म्हणजे १०० चा स्टॅम्प आणि माझ्या सहीचे फॉर्म २९, ३०. तोपण फसलेलाच, आरसीवर फायनान्सची एचपी, म्हणजे कर्जाची नोंद असताना त्यांच्या एनओसीशिवाय गाडी नावावर होतच नाही हे त्याने बघितलं नव्हतं. मी काही न बोलता टूलबॉक्सच्या आत हात घातला. लाल रंगाखाली माझे दोन टाके अंगठ्याला लागले. मग पोलिसांनी चेसीस नंबर घासून बघितला, जुळला.

आता ट्रॅक्टर पोलीस स्टेशनच्या आवारात आहे, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे केस चालू असताना ताब्यात घ्यायला, अर्ज केलाय, फायनान्सवाल्यांनी पण केलाय. हप्ता मी भरतोय, उरलेल्या फंडातून, मुलाला भरू देत नाही. एजंट जामिनावर बाहेर आहे.

ज्यांचा ट्रॅक्टर आत्ता असा लावलेला आहे आणि भाडं ५ तारखेला येतंय, त्यांनी पैसे येतायत म्हणून गप्प बसू नका. याच आठवड्यात जाऊन ट्रॅक्टर डोळ्याने बघा, चेसीस नंबरचा फोटो काढा, मीटरचा फोटो काढा, कंत्राटदाराकडे कामाची वर्कऑर्डर मागा. साईट लांब आहे, आत सोडत नाहीत, असं कोणी म्हटलं तर तिथूनच पोलीस स्टेशनला जा. शेतीसाठी पासिंग झालेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कामावर लावला आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सचा क्लेमसुद्धा अडकतो, तेपण तुमच्याच गळ्यात येतं.

जो करार घेऊन आला होता त्याला मी त्या दिवशी घरी बसवून घेतलं, माझी सगळी फाईल त्याच्यापुढे ठेवली. त्याने अजून सही केलेली नव्हती, डाऊन पेमेंट दुसऱ्या दिवशी भरणार होता. बायकोने चहा केला, आणि तो हिशोबाचा कागद बघून मला विचारलेला तोच प्रश्न तिने त्याला विचारला. तो करार त्याने माझ्याकडेच सोडला, सोमवारी आम्ही दोघांनी मिळून तो तपास अधिकाऱ्याकडे नेऊन दिला.