टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्स, ग्रेटेस्ट हिट्स: बरेच महिने ऐकल्यानंतर

आधीच सांगते, अमेरिकन रॉक गायक टॉम पेटी आणि त्याचा बँड हार्टब्रेकर्स कधीच ऐकला नसेल तर सुरुवात याच सीडीपासून करा. गेले कित्येक महिने गाडीत आणि घरी हीच लावतेय आणि एक गाणं सोडलं तर कुठलंही पुढे ढकलावंसं वाटलेलं नाही, त्या एकाबद्दल शेवटी लिहिते. संग्रह 1993 चा, एमसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी पेटीने केलेला शेवटचा अल्बम, 1976 च्या पहिल्या रेकॉर्डपासून तोपर्यंतची बहुतेक गाजलेली गाणी यात आहेत. अमेरिकेत एक कोटीच्या वर खपलाय आणि ऐकल्यावर का खपला ते कळतं.

गाणी काळाप्रमाणे लावलीयत, हेच या संग्रहाचं सगळ्यात मोठं बळ. अशा हिट्सच्या सीडीवर बरेचदा सगळ्यात गाजलेलं आधी आणि बाकीचं कुठेही टाकून दिलेलं असतं, इथे अमेरिकन गर्लपासून सुरू होतं आणि सलग ऐकलं की एक बँड हळूहळू मोठा होताना ऐकू येतो. सुरुवातीची गाणी छोटी, घाईतली, गिटार खणखणीत, साठच्या दशकातल्या बर्ड्स बँडच्या वळणाची, इतकी की त्याच बर्ड्सच्या रॉजर मॅग्विनने 1977 मध्ये अमेरिकन गर्ल स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं. मग 1979 च्या डॅम द टॉर्पीडोजमधली गाणी येतात आणि आवाजच बदलतो, रेफ्युजीतले ते ड्रम्स आणि बँडमधल्या बेनमाँट टेंचचा ऑर्गन, अंगावर काटा येतो अजूनही. हिअर कम्स माय गर्ल मला आधी साधंच वाटायचं, आता सगळ्यात जास्त तेच लावते, कडव्यात पेटी जवळजवळ नुसता बोलतो, गात नाही, आणि मग एकदम आवाज वर नेतो तेव्हा त्याला काय वाटतंय ते शब्द न कळताही कळतं. पेटीचा आवाज काही गोड नाही, नाकातला आहे, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा तो हेल आहे, पण त्यात खोटं कुठेच नाही.

द वेटिंग 1981 चं, हार्ड प्रॉमिसेस अल्बममधलं. कंपनीला तो अल्बम 8.98 डॉलरऐवजी 9.98 ला विकायचा होता आणि पेटी ऐकणाऱ्यांच्या बाजूने अडून बसला, शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली. एका डॉलरसाठी एवढं भांडणारा गायक मला फार मोठा वाटतो.

डोन्ट कम अराउंड हिअर नो मोअरबद्दल सांगायलाच हवं. आई पुण्याहून आली होती, तिला इंग्रजी रॉक म्हणजे गोंगाट, पण हे लागलं तेव्हा लगेच म्हणाली "अगं, ही सतार कोण वाजवतंय?" ती आपली सतार नाही, गिटारसारखी धरायची इलेक्ट्रिक सतार आहे आणि कल्पना युरिथमिक्स बँडच्या डेव्ह स्टुअर्टची, त्यानेच पेटीबरोबर हे गाणं लिहिलं. पण आईचा कान बरोबर होता. आणि शेवटी जिथे गाणं संपलं असं वाटतं तिथे सगळा बँड दुप्पट वेगात सुटतो, ते मोठ्या आवाजातच ऐका.

मग येतात आय वोन्ट बॅक डाउन, रनिंग डाउन अ ड्रीम आणि फ्री फॉलिन. खरं तर ही तिन्ही 1989 च्या फुल मून फीव्हरमधली, तो पेटीचा एकट्याच्या नावावरचा अल्बम, कव्हरवर हार्टब्रेकर्स नाहीत. प्रोड्यूसर जेफ लिनचं काम आहे आणि ते लगेच कळतं, सगळं स्वच्छ, ॲकूस्टिक गिटारींचे थर, आय वोन्ट बॅक डाउनमध्ये तर बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन गिटार वाजवतो आणि मागे गातोही. ड्रम्सवर हार्टब्रेकर्सचा स्टॅन लिंच नाही, फिल जोन्स आहे, आणि आधीची गाणी सलग ऐकत आल्यावर लिंचचं ते थोडं मागे ओढणारं वाजवणं इथे नाही हे जाणवतं. मला दोन्ही आवडतं, पण बँडच्या नावाच्या सीडीवर सगळ्यात गाजलेली गाणी त्याच्या सोलो अल्बमची आहेत हे माहीत असलेलं बरं. हार्टब्रेकर्सचा गिटारिस्ट माइक कॅम्पबेल मात्र तिथेही आहेच, रनिंग डाउन अ ड्रीमच्या शेवटचा तो लांबलचक सोलो त्याचाच.

आम्ही लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतो, म्हणजे फ्री फॉलिनमधलं रिसीडा आणि व्हेंचुरा बुलेव्हार्ड आमच्या रोजच्या वाटेवरचं. पेटीने इथल्या साध्या घरांच्या गल्ल्यांवर, मागून जाणाऱ्या फ्रीवेवर गाणं केलं आणि ते जगभर गेलं याचा मला इथे राहणारी म्हणून अभिमान वाटतो, खरंच.

मेरी जेन्स लास्ट डान्स या संग्रहासाठी नवीन केलेलं, रिक रूबिनने प्रोड्यूस केलेलं. हिट्सच्या सीडीवरचं नवीन गाणं म्हणजे बहुतेक वेळा भरती असते, हे बाकीच्यांच्या तोडीचं निघालं. हार्मोनिका, कोरडे ड्रम्स, जेफ लिनच्या चकचकीतपणानंतर इतकं मोकळं वाटतं.

आता तक्रारी. 1987 च्या अल्बममधलं एकही गाणं नाही, जॅमिन मी तरी हवंच होतं. दुसरी मोठी, संग्रह 1993 ला थांबतो आणि वाइल्डफ्लॉवर्स आला 1994 मध्ये, माझ्या मते पेटीचं सगळ्यात खोल काम तेच. म्हणजे 2017 मध्ये तो गेला तोपर्यंतची जवळजवळ पंचवीस वर्षं इथे नाहीतच. ती हवी असतील तर 2019 चा द बेस्ट ऑफ एव्हरीथिंग घ्या, त्यात नंतरचंही आहे, पण तिथे गाणी काळाप्रमाणे नाहीत आणि मला तो सलग ऐकवत नाही.

आणि ते पुढे ढकललं जाणारं गाणं म्हणजे समथिंग इन द एअर, थंडरक्लॅप न्यूमनच्या 1969 च्या गाण्याचं कव्हर. वाईट नाही, पण मेरी जेननंतर ते लागलं की जोर उतरतो. 2008 मध्ये संग्रह पुन्हा काढला तेव्हा ते काढून फ्लीटवुड मॅकची गायिका स्टीव्ही निक्स हिच्याबरोबरचं स्टॉप ड्रॅगिन माय हार्ट अराउंड घातलं आणि तो बदल मला शंभर टक्के पटतो, दोघांचे आवाज एकमेकांना असे भिडतात की बस. माझ्याकडची सीडी जुनी आहे, म्हणून ते वेगळं लावावं लागतं. तुम्ही वापरलेली सीडी घेणार असाल तर मागे छापलेली यादी बघून घ्या, स्टीव्ही निक्सचं गाणं असेल तीच उचला.