कॅम्परच्या मागे मोपेड: रॅकचा तडकलेला सांधा आणि त्यानंतरचा अनुभव

ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेल्या आमच्या कॅम्परच्या, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीच्या, मागे रॅकवर टीव्हीएस एक्सएल १०० मोपेड लावून आम्ही गेल्या पावसाळ्यानंतर मराठवाडाभर फिरत आहोत, आणि एवढ्या काळात रॅकबद्दलचे माझे मत दोनदा बदलले आहे. पहिल्यांदा ते बदलले तेव्हा रॅकचा सांधा तडकला होता. कॅम्परच्या मागे लहान दुचाकी न्यायची म्हटले की सगळे जण आधी तिचे वजन विचारतात. माझ्या अनुभवानुसार आधी विचारायला हवे ते हे, की रॅक गाडीला नेमका कुठे आणि कसा धरला आहे आणि त्या जागी किती प्ले, म्हणजे सैलपणा, आहे.

एक्सएल निवडण्याचे कारण उघड आहे. तिचे वजन ९० किलोच्या आत आहे आणि गाडीच्या रुंदीत ती आडवी मावते. तिला गिअर नसून सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे रेस दिली की आपोआप जोडला जाणारा क्लच, आहे, त्यामुळे इंजिन चालू ठेवून, बाजूने चालत, हलकी रेस देत ती उतरत्या फळीवरून एकट्या माणसाला वर चढवता येते. पुढच्या सपाट जागेत पाण्याचा वीस लिटरचा जार उभा राहतो, आणि मुक्काम गावाबाहेर असेल तेव्हा ही एवढी एक सोयदेखील मोपेड सोबत नेण्याला पुरेशी ठरते. अंबाजोगाईत योगेश्वरीच्या मंदिराकडे जाणारे बोळ, पैठणमध्ये नाथांच्या समाधी मंदिराभोवतीची गर्दी, परळीत वैजनाथाच्या पायऱ्यांपर्यंतचा रस्ता, या सगळ्या ठिकाणी मोठी गाडी बाहेर लावून मोपेडवर जाण्यात वेळ, डिझेल आणि मनस्ताप तिन्ही वाचतात. अजिंठ्याला मात्र तिचा उपयोग नाही, कारण फर्दापूरच्या टी जंक्शनवर सगळ्यांचीच वाहने थांबतात आणि पुढे लेण्यांपर्यंत बसनेच जावे लागते. तरी वरच्या व्ह्यू पॉइंटला जायचे असेल तर मोपेड पुन्हा कामाला येते.

पहिला रॅक मी संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून करून घेतला. गाडीच्या तळाला मधोमध एक चौकोनी नळी घट्ट बसवलेली, तिच्यात रॅकची ५० मिलिमीटरची चौकोनी नळी सरकवायची आणि आडवी पिन घालायची, अशी ती रचना होती. परदेशात सायकलींचे रॅक असे असतात आणि त्यांच्यासाठी ती चांगलीही आहे. रॅक पाच मिनिटांत काढता येतो, या एका गोष्टीवर मी सुरुवातीला फार खूश होतो आणि भेटेल त्याला तसेच करून घ्यायला सांगत होतो.

वजनाचा हिशेब मी आधीच केला होता आणि तो आजही बरोबर आहे. मोपेड आणि रॅक मिळून सुमारे १२० किलो. हे वजन मागच्या चाकांच्या बरेच मागे लटकते. आमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले (चाकांच्या आसांमधले) अंतर, ३३५० मिलिमीटर आहे आणि मागच्या एक्सलपासून मोपेडच्या मध्यापर्यंतचे अंतर १६०० मिलिमीटर भरते. त्यामुळे मागच्या एक्सलवर १२० नव्हे तर सुमारे १७७ किलो भार वाढतो आणि पुढच्या एक्सलवरचा सुमारे ५७ किलोने कमी होतो. पुढची चाके एवढी हलकी झाल्याचे स्टिअरिंगला जाणवते, विशेषतः घाटात आणि ओल्या रस्त्यावर. आम्ही पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या पुढच्या सीटच्या मागे सरकवल्या, मागच्या टायरमध्ये हवा कंपनीने सांगितलेल्या भारित मापाप्रमाणे ठेवली, आणि तो प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. ट्रॅव्हलरच्या कमानपाट्यांना एवढा भार जड नाही.

खरा त्रास त्या मधल्या सांध्याचा होता. आतली नळी बाहेरच्या नळीत सहज सरकावी म्हणून दोहोंमध्ये दीड मिलिमीटरची जागा ठेवली होती. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण पन्नास मिलिमीटरच्या नळीला एवढी जागा मिळाली की ती पीळ घेऊ शकते, आणि मोपेडची चाके त्या सांध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ६०० मिलिमीटरवर असतात. त्याचा अर्थ असा की नळी जागेवर किंचित फिरली तरी प्रत्येक चाक सुमारे १८ मिलिमीटर वर-खाली होते. सायकलींचे वजन थोडे असल्याने तिथे हे चालून जाते. इथे नव्वद किलोची मोपेड प्रत्येक खड्ड्यात आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला आपटते, आणि सैल रोवलेला खुंटा बैलाच्या प्रत्येक हिसक्याने आणखी सैल व्हावा, तसा हा सांधा दर गावाच्या गतिरोधकावर स्वतःला झिजवत जातो. आपल्याकडचे निम्मे गतिरोधक रंगवलेले नसतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

पूर्वसूचना मिळाली होती, आणि ती प्रत्येकाने ओळखावी म्हणून इथे नीट लिहितो. पिनच्या भोवती तांबूस, अगदी बारीक भुकटी जमू लागली होती. बोटाला लावली तर ती मेंदीच्या पुडीसारखी मऊ लागते. रस्त्यावरची धूळ सगळीकडे सारखी बसते; ही मात्र फक्त सांध्याच्या कडेला असते आणि पुसली तरी पुढच्या मुक्कामाला पुन्हा येते. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर सतत घासले जाण्याची ती खूण आहे. तिच्या जवळच काळ्या रंगाखाली नखाने खरवडल्यासारखी चकचकीत रेघ दिसत होती. अंबाजोगाईहून येताना मांजरसुंब्याचा घाट उतरल्यावर पाहिले, तर उभी पाटी आणि आडवी नळी जिथे जोडल्या होत्या तिथे वेल्डच्या कडेने, रंगातून, केसासारखी चीर गेली होती. मोपेड तिथेच उतरवली. बीड, गेवराई, शहागड, पाचोड असा पुढचा सगळा रस्ता मी ती चालवत आणली आणि घरातील मंडळी कॅम्पर घेऊन मागून आली.

कारखान्यात रॅक घेऊन गेलो तेव्हा मिळालेले उत्तर असे होते: "साहेब, तुम्ही जास्त वजन टाकलं असंल, आमच्या वेल्डिंगला काही होत नसतं." मोपेडचे वजन त्यांना आधीच लेखी दिले होते आणि त्याच वजनासाठी रॅक मागितला होता. त्यांनी चिरेवर पुन्हा वेल्डिंग मारून देण्याची तयारी दाखवली आणि त्याचेही पैसे मागितले. ही गोष्ट मला आजही खटकते. तडकलेल्या जागेवर वरून वेल्डिंग मारले तर खालची चीर तशीच राहते आणि नव्या थराच्या कडेने पुन्हा पुढे जाते. चीर मुळापर्यंत घासून काढल्याशिवाय, आणि मुख्य म्हणजे ती पडण्याचे कारण दूर केल्याशिवाय, दुरुस्तीला अर्थ नसतो. सोळा हजार रुपयांचा रॅक भंगारात देताना मला फार वाईट वाटले, पण तोच रॅक महामार्गावर तुटून मोपेड मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर गेली असती, तर त्याचा हिशेब कोणत्याच पैशात झाला नसता.

दुसरा रॅक गावाकडच्या एका मिस्त्रीने केला, जो ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांची कामे करतो. त्याने मधला सांधाच रद्द केला. गाडीच्या तळाच्या दोन्ही लांब चॅनलना (सांगाड्याच्या लोखंडी तुळयांना) प्रत्येकी एक हात, तेही चॅनलला भोक न पाडता आणि वेल्डिंग न करता, दोन्ही बाजूंनी जाड पाट्या आवळून आणि ८.८ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टांनी. त्या दोन हातांच्या वर मोपेडची चाके ज्यात उभी राहतात ते चॅनल. उभ्या आणि आडव्या भागांच्या कोपऱ्यात त्रिकोणी पाट्या घातल्या, आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर जाणारी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. हा रॅक काढायला दोन पाने आणि अर्धा तास लागतो. ती सोय गेली, आणि ती गेल्याचे मला मुळीच दुःख नाही.

यानंतर मत पुन्हा बदलले, ते मोपेड रॅकला बांधण्याच्या पट्ट्यांमुळे. रॅक घट्ट झाल्यावर मोपेड स्वतः किती हलते हे दिसू लागले. दोन पट्टे हँडलच्या मुळापासून खाली आणि बाहेर ओढून पुढचे शॉकअप साधारण अर्धे दाबले जातील एवढेच आवळावेत. पूर्ण दाबले तर त्यांतले तेल अडवणारी ऑइल सील खराब होतात. कमी दाबले तर खड्ड्यात मोपेड दबते, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि त्याचा हूक निसटतो. एक्सएलला गिअर नसल्याने गिअरमध्ये टाकून चाक अडवणे शक्य नाही, म्हणून मागच्या चाकाला चॅनलशी बांधणारा वेगळा पट्टा हवाच. हूक उघड्या तोंडाचे असतील तर त्यांच्या तोंडाला तार गुंडाळावी. मराठवाड्याच्या उन्हात पट्ट्यांचा रंग उडू लागला की त्यांची ताकदही कमी झालेली असते. रंग फिकटला किंवा कडेचे धागे सुटले तर पट्टा बदलून टाकावा, तिथे काटकसर करू नये. घरून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे तपासण्याचा नियम आम्ही मोडत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वाहनाच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे, त्यामुळे रॅक करण्यापूर्वीच विचारणा करावी. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या एक्सलच्या मागे निघालेला भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आत असावा लागतो. आमच्या गाडीला ती मर्यादा २०१० मिलिमीटर येते आणि नवा रॅक तिच्या आत बसवला आहे. मर्यादेबाहेर माल निघाला तर कलम १९४ नुसार २० हजार रुपयांचा दंड आहे. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. पहिल्या रॅकवर मोपेडची सीट नेमकी प्लेटच्या समोर येत होती. मिस्त्रीने चॅनल खाली घेतले तेव्हा प्लेट मोकळी झाली, आणि दिव्यांसाठी रॅकच्या दोन्ही टोकांना दुसरी जोडी बसवली.

सायलेन्सरचा धूर मोपेडच्या मागच्या टायरवर येत होता, तो पाइप खाली वळवून घेतला. मोपेड लावलेली असताना मागचा दरवाजा उघडत नाही, ही अडचण मात्र तशीच आहे आणि ती लहान नाही. आमच्या गाडीत बाहेर पडण्याची ती दुसरी वाट होती. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर, एका रात्रीचा प्रश्न असला तरी, मोपेड खाली उतरवल्याशिवाय आम्ही आत झोपत नाही, आणि गॅसच्या टाकीच्या कपाटाचे दार मागून काढून बाजूला करून घेतले आहे.

दौलताबादच्या वेशीतून जाताना वाढलेली लांबी वळणावर जाणवते; तिथे गर्दीच्या वेळी जाण्याचे टाळावे. नव्या रॅकला मजुरी, लोखंड आणि बोल्ट मिळून साडेअकरा हजार रुपये लागले, म्हणजे तडकलेल्या रॅकपेक्षा कमी. त्याच्या सांध्यांवर अजून कुठेही तांबूस भुकटी दिसलेली नाही. कारखान्याकडे पहिल्या रॅकचे पैसे परत मागणारे पत्र, चिरेची छायाचित्रे आणि वजनाच्या लेखी नोंदीची प्रत जोडून, पाठवले आहे. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे.